वाकडं पोहणारा मासा

बास हा मासा चंदीगडात नाही. सुखना तलावात नाही, रोपडच्या सतलजमध्ये नाही, आणि वर सोलनकडच्या गिरी नदीत तर नाहीच. तरीही इथल्या कुठल्याही हौशी गळवाल्याची पेटी उघडून बघा, निम्मा माल बाससाठी बनवलेला निघेल. अमेरिकन क्रँकबेट, जपानी मिनो, रबरी बेडूक, सगळी नकली आमिषं. आणि प्रत्येक खोक्यावर जबडा वासून पाण्याबाहेर उसळलेला तो हिरवट बास. इथे या आमिषांवर झेपावणारी मंडळी निराळी. पंजाबी लोक ज्याला सौल म्हणतात तो आपला मरळ. मल्ली म्हणजे आपला शिवडा. आणि शिवालिकच्या डोंगरांतून उतरणाऱ्या नद्यांत सोनेरी महाशीर, आपल्याकडच्या खडशीचा हिमालयातला भाऊबंद. परक्या पाण्यातल्या परक्या माशासाठी कोरलेलं, रंगवलेलं हे सामान इथल्या तोंडांना जुळवून घ्यायचं, या खटपटीत माझी हौस जास्त फिटते. मासा लागणं हा पुढचा भाग, आणि तो पुष्कळदा पुढेच राहतो.

सुखनावर मात्र ही पेटी काढायला संकोच वाटतो. 1958 साली सुखना नाल्याला बांध घालून हा तलाव केला. त्याच्या काठावर मोटारींचा आणि पाण्यावर मोटारबोटींचा गोंगाट नको, असा शहराचा वास्तुकार ल कॉर्बुझिए याचा आग्रह होता. शहरातल्या चालणाऱ्यांइतकेच तलावातल्या माशांनीही त्याचे आभार मानायला हवेत. पाण्यात रोहू, कटला, मृगळ. ही सगळी शाकाहाराकडे झुकलेली सज्जन मंडळी. त्यांना चकाकतं, थरथरतं प्लास्टिक कशाला हवं? मत्स्य खात्याचा परवाना खिशात घालून, कणकेच्या गोळीत बडीशेप की वेलची यावर गंभीर चर्चा करत बसलेले निवृत्त सरदारजी आमच्या पेटीकडे बघतात आणि मिशीत हसतात. "पुत्तर, खिलौने बहुत सोहणे ने," असं एकाने मला ऐकवलंही आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने 2020 साली या तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला. म्हणजे कायद्याच्या भाषेत आम्ही एका व्यक्तीच्या पोटात गळ टाकून बसतो. वकील मित्रांपुढे हा विषय मी काढत नाही.

खरं काम असतं ते शिकारी माशांच्या पाण्यावर, आणि त्याआधी घरच्या टेबलावर. फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्याने आपल्या धंद्यात एक गोष्ट हेरली होती. छोट्या माशांच्या थव्यात मोठा मासा घुसतो तेव्हा तो वाटेल त्याला धरत नाही. ज्याची चाल बिघडलेली आहे, जो जरा वाकडा पोहतो, त्यालाच उचलतो. 1936 साली रापालाने बुचाच्या लाकडातून चांभारी सुरीने एक मासा कोरला, त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून रोगण चढवलं. आज जगभर विकल्या जाणाऱ्या मिनोंच्या पोटात तीच युक्ती आहे. नकली मासा हुबेहूब असून भागत नाही. त्याच्या चालीत दुखणं असावं लागतं.

गोम अशी, की हे दुखणंही मोजूनमापून द्यावं लागतं. क्रँकबेटच्या तोंडाला पारदर्शक जीभ असते. ओढलं की पाणी त्या जिभेवर आपटतं, आमिष खाली बुडी मारतं आणि डावी-उजवीकडे अंग घुसळतं. दोन्ही बाजूंना सारखं घुसळलं तर ते सरळ रेषेत येतं. कारखान्यातून आलेलं, किंवा एखाद्या दगडावर आदळलेलं आमिष एका बाजूला पळतं. जरा जोरात ओढलं की कुशीवर पडून थेट पृष्ठभागावर येतं. मग नाकावरची ती बारीक तारेची कडी पकडीच्या टोकात धरायची. आमिषाचं तोंड आपल्याकडे करायचं, आणि ते आपल्या डाव्या हाताला पळत असेल तर कडी उजवीकडे सरकवायची. सरकवायची म्हणजे किती? डोळ्यांना दिसलं तर जास्त झालं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर हलवून जवारी काढतात, तेवढंच. पुन्हा पाण्यात टाकून ओढून बघायचं, पुन्हा कडी, पुन्हा पाणी. कडी फिरवायची मात्र नाही, वाकवायची. फिरवली की ती आतल्या आत सैल होते आणि आमिष कायमचं कामातून जातं. पाच-सात हात लांबीचं स्वच्छ पाणी या चाचणीला पुरतं. घराच्या गच्चीवरच्या टाकीत हा प्रयोग केल्याबद्दल सोसायटीच्या बैठकीत चर्चा झाली होती, ती इथे नको.

तंगुसाचं शास्त्र त्यामानाने रुक्ष, पण टाळता येत नाही. नायलॉनचा साधा तंगूस ताणला जातो. म्हणून मासा झटका देतो तेव्हा गळ तोंड फाडून निघत नाही, पण दूरवर हलकासा टोचा झाला तर तो बोटापर्यंत पोचतही नाही. विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही, आणि बारीक असून दणकट असते. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतं आणि कमी दिसतं. प्रकाश वाकवण्याचा त्याचा अंक 1.42, पाण्याचा 1.33, नायलॉनचा 1.5 च्या पुढे. पाण्याच्या अंकाशी जेवढं अंतर कमी तेवढं माशाला चकवणं सोपं. चंदीगडच्या हवेत याला आणखी एक पदर आहे. जूनमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेला नायलॉनचा तंगूस ऑगस्टनंतर भरवशाचा राहत नाही. जानेवारीच्या धुक्यात फ्लुरोकार्बन इतकं ताठरतं की रिळावरून स्प्रिंगसारखं उसळून गुंता करतं. मी सरसकट विणलेली दोरी भरतो आणि पुढे दोन हात फ्लुरोकार्बन जोडतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस भाजतो आणि नेमका तिथेच तुटतो. इतक्या महागड्या सामानाचा शेवट थुंकीवर येतो, हे मला फार आवडतं.

मरळासाठी तर सगळं अमेरिकन पुस्तक बाजूला ठेवावं लागतं. हा मासा हवा प्यायला वर येतो, शेवाळ आणि कमळाच्या पानांखाली दबा धरतो. त्याला पोकळ रबरी बेडूक. बेडकाच्या पाठीला दोन गळ चिकटून असतात म्हणून तो पानांत अडकत नाही. पण त्याच कारणाने मरळाच्या हाडकट तोंडातही रुतत नाही. मग गळांची टोकं पकडीने किंचित वर उचलायची. मागचे रबरी पाय कात्रीने थोडे छाटायचे, म्हणजे बेडूक जागच्या जागी डावं-उजवं वळतो. लांब पाय नुसते फरफटतात. पोटात सायकलच्या बेअरिंगचे दोन-तीन छर्रे सोडले की खुळखुळ होते. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढून बघायचं. घसरलं तर कानस, रुतलं तर ठीक. आणि पाणी फाटल्याचा आवाज आला की लगेच हिसका मारायचा नाही, एक श्वास थांबायचं. बासवर वाढलेल्यांना हे जमता जमत नाही. पावसाळ्यात लालसर पिल्लांच्या थव्यावर आईबाप पहारा देत असतात, तिथे बेडूक टाकला तर ते धावून येतातच. पण त्या झेपेत भूक नसते, आणि तिथे गळ टाकणाऱ्याला मी मासेमार म्हणत नाही.

महाशीरचा मामला वेगळा. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला कर्नल साइक्सने 1839 मध्ये शास्त्रीय नाव दिलं. मद्रासेतला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 च्या 'रॉड इन इंडिया' या पुस्तकात महाशीरवर पानंच्या पानं खर्ची घातली. महाडजवळ वाळणकोंडात हेच मासे देवाचे म्हणून लाह्या खात निर्धास्त फिरतात. नदीतल्या महाशीरला मात्र पहिल्या धावेत सगळा तंगूस न्यायचा असतो. म्हणून ड्रॅग, म्हणजे रिळाचा अटकाव, घरूनच लावून निघायचं: वजनकाट्याला तंगूस बांधून ओढायचा, आणि तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर रीळ सुटायला हवं. बासच्या मिनोला येणारे तीन काट्यांचे नाजूक गळ त्याच्या जबड्यात चेपून जातात. ते काढून जाड तारेचे एकेरी गळ लावायचे, त्यांचा उलटा दात पकडीने दाबून टाकायचा. सोनेरी महाशीर संकटग्रस्त आहे, त्याला परतच सोडायचं असतं, आणि दात नसलेला गळ चटकन सुटतो. पण गळ बदलले की मिनोचं वजन बदलतं, वजन बदललं की चाल बदलते, आणि कडी वाकवण्याचा सगळा खेळ पहिल्यापासून.

राहता राहिला रंग. रोपडला माझ्याबरोबर येणारे एक सरदारजी कुठल्याही हवेत काळाच बेडूक लावतात. खालून बघणाऱ्या माशाला आभाळापुढे सगळंच काळं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मग तुमच्या पेटीत पोपटी, पिवळे, ठिपकेवाले असे इतके बेडूक कशाला, असं मी विचारलं. "ते माझ्यासाठी," म्हणाले. मी अजून पोपटीच लावतो. त्यांना जास्त लागतात हे खरं, पण ते पहाटे माझ्या आधी पोचतात, हेही हिशेबात धरायला हवं.