ग्लोव्हज आहेत ना!

ड्रेसिंग चालू असताना सिस्टरचा फोन वाजला आणि तिने तो ग्लोव्हज घातलेल्या हातानेच उचलला, हे मी आजवर कितीजणांना सांगितलं असेल. ऐकणारा बहुधा म्हणतो, त्यात काय एवढं?

आई पावसात खळ्यातल्या शेवाळावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, जिल्ह्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. मालवणकडे प्रत्येक वाडीत अशी एक तरी म्हातारी सापडेल, तेव्हा ते राहू दे.

जुनी पट्टी काढलेली, टाके उघडे. सिस्टरने खिशातून फोन काढला, कुणाशी तरी बिलाचं बोलली, फोन परत खिशात. त्याच बोटांनी सलाईनच्या स्टँडचा स्क्रू पिळला, फाइल सरकवली आणि त्याच बोटांनी गॉज उचलून टाक्यांवर ठेवला. मी म्हटलं, "सिस्टर, ग्लोव्हज बदला ना." ती अगदी समजुतीने हसली. "काका, ग्लोव्हज आहेत ना हातात!"

या उत्तराने मी अजून चक्रावतो. ती उडवून लावत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. मोजा तिच्या कातडीला जपत होता. जखमेला रबर काय नि कातडी काय, दोन्ही सारखंच. हात कधी स्वच्छ करायचे याच्या जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच वेळा तिच्या डोक्यावरच रंगीत पोस्टरवर छापलेल्या होत्या. खाली सॅनिटायझरची बाटली. दाबली तर नुसती हवा.

ती गेल्यावर आई म्हणाली, "मासे कापल्यार तसोच कोण फोन धरता काय?" आणि लगेच, "पण तिका काय बोला नको हां. रातीक तीच आसता."

पुढे जखम लाल झाली, पू आला, कल्चर रिपोर्टात स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. डॉक्टर म्हणाले, "आईंना शुगर आहे, त्यामुळे होतं असं." हे खरंच आहे, आणि तेच खुपतं. शुगरवाल्यांची जखम लवकर चिघळते. हा जंतू साधारण तिघांतल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात मुक्कामाला असतो. आईच्या असेल, माझ्याही असेल. तुर्कस्तानात 2009 साली हॉस्पिटलातल्या 200 कर्मचाऱ्यांचे फोन तपासले, तर 94.5 टक्के फोनांवर जंतू वाढले. पण म्हणून आमचा जंतू त्याच फोनवरून आला, असं मला कुठेही सिद्ध करता येणार नाही. कारण म्हणून शुगरचं नाव लागलं, हातांचं नाही, आणि वाढीव अँटिबायोटिकचं बिल आमच्या नावावर.

फोनवर बंदी घाला म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. रात्री डॉक्टरला बोलवायचं फोनवर, लॅबचा रिपोर्ट येतो व्हॉट्सॲपवर. फोन अधूनमधून स्पिरिटने पुसा, आणि तो हाताळल्यावर मोजे काढून हात चोळा, मग नवे घाला, एवढंच. अल्कोहोल चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात.

आता हिशेब करा. वीस पेशंट, प्रत्येकाचे पाच प्रसंग, दर वेळी तीस सेकंद: एका फेरीला पन्नास मिनिटं नुसती हात चोळण्यात. आणि रात्री वॉर्डात ती एकटी. इथे माझा राग ढिला पडतो. डिस्चार्जच्या वेळी आईने तिला सोलांची पिशवी दिली, ती मीच नेऊन पोचवली, आणि तक्रारीच्या अर्जातून तिचा उल्लेखही काढून टाकला. अर्ज फक्त रिकाम्या बाटलीबद्दल केला. ती भरायला पेशंट मोजावे लागत नाहीत. उत्तर आलेलं नाही.

हल्ली गावातलं कुणी ॲडमिट झालं की मी घरूनच सॅनिटायझर नेतो. परवा गेटवरच्या वॉचमनने ती बाटली उघडायला लावली, नाकाशी नेली आणि विचारलं, "गोव्याची मा?"