हळदीला कोणता कीबोर्ड?

शनिवार, रात्र. वाकोल्याच्या खोलीत आज यामाहाचा पीएसआर-एसएक्स 900 आणि कॉर्गचा पीए 700 शेजारीशेजारी लावले. दोन्हींना 61 पट्ट्या, 7 इंची टचस्क्रीन. यामाहाचा सॅक्सोफोन इतका जिवंत की बोटं उचलवत नाहीत. पण एकट्याने गाणाऱ्याचा खरा आधार ठेका. हळदीत फर्माईश कशीही येते. 6 मात्रांच्या दादऱ्यातून क्षणात 8 मात्रांच्या केरव्यात जावं लागतं. कॉर्गच्या साँगबुकमध्ये गाण्याचं नाव दाबलं की ठेका, लय, आवाज सगळं हजर. यामाहात हे रजिस्ट्रेशनने होतं, पण माझ्या हाताला साँगबुक बसलं.

ढोलकीने मात्र छळलं. तिचा घुमारा तयार ठेक्यांत मला सापडत नाही. स्वतः रेकॉर्ड केलेले तोडे यामाहाच्या मल्टिपॅडवर टाकले. लय चढवली की ते मागे राहतात, आणि हळदीत लय चढतेच! शिवाय यामाहा साडेअकरा किलोचा, कॉर्ग दहाच्या आतला. रिक्षातून नेताना, जिने चढताना फरक जाणवतो.

चर्चच्या लग्नाच्या रिसेप्शनला, संथ गाण्यांना यामाहाच हवा. पण माझं काम जास्त हळदीचं. कॉर्ग घेतो, आणि जमेल तिथे ढोलकीवाल्याला सोबत बोलावतो.