अश्वशक्तीचा हिशेब

ज्या पिढीने टांगाही धड पाहिला नाही, तिच्याच तोंडी घोड्यांची भाषा सर्वांत अधिक असावी, हा काळाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. माझा भाचा यंदा एकोणीस वर्षांचा झाला. खरा घोडा म्हणून त्याने जवळून पाहिला तो महाबळेश्वरास वेण्णा तळ्याच्या काठी भाड्याने मिळणारा. आणि त्याच्या पाठीवर बसविल्याबरोबर स्वारीने खाली उतरण्यासाठी रडून आकांत केला होता, अशी साक्ष त्याची आई अजून देते. पण "ही सातशे घोड्यांची, ती साडेसातशेंची, आणि ही तर, मामा, हजाराच्याही वर!" असे तो ज्या सहजतेने बोलतो, ते ऐकून एखाद्या जुन्या पागेच्या सरदारानेही मान खाली घातली असती.

हे घोडे खेळातले आहेत. माझा मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला तेव्हा त्याचे जुने प्लेस्टेशन कपाटात तसेच राहिले, आणि त्याबरोबर 'ग्रान टुरिझ्मो' या खेळाचा 2004 साली निघालेला चौथा भागही राहिला. काझुनोरी यामाउची या जपानी गृहस्थाने 1997 साली सुरू केलेल्या या मालिकेचे वैशिष्ट्य असे, की तीत मोटारी खऱ्या आहेत. म्हणजे त्यांची केवळ चित्रे नव्हेत, तर वजन, शक्ती, वळणावरचा स्वभाव, हे सारे हुबेहूब उतरविण्याचा तीत यत्न आहे. भाच्याचे प्रेम मात्र साध्या मोटारींवर नाही. फ्रान्समधील ल माँ या गावी 1923 सालापासून चोवीस तासांची जी शर्यत भरत आली आहे, तिच्यात धावलेल्या किंवा धावण्याजोग्या गाड्या तेवढ्या त्याच्या दरबारी रुजू आहेत. त्यांची त्याने एक वही केली असून तीत सर्वांची नावे अश्वशक्तीच्या उतरत्या क्रमाने मांडलेली आहेत. गणेशोत्सवातल्या वर्गणीची यादीही इतक्या निष्ठेने लिहिली जात नाही.

या वहीवरून आमचा पहिला वाद झाला तो माझ्दा 787 बी या गाडीविषयी. एका ठिकाणी तिची शक्ती 700 दिलेली, दुसऱ्या ठिकाणी 690. भाच्याच्या मते यांपैकी एक आकडा लबाडीचा असला पाहिजे. वास्तविक दोन्ही खरे आहेत. घोडेच दोन जातींचे आहेत! इंग्रजांच्या मापाचा घोडा सुमारे 746 वॅटचा, आणि जर्मन, फ्रेंच, जपानी लोक वापरतात तो साडेसातशे नव्हे, तर सुमारे 735 वॅटचा. एका सेकंदात पंचाहत्तर किलो वजन एक मीटर उचलणारा तो हा दुसरा घोडा. इंग्रजी घोडा शेकड्यास दीड-एक अंशाने बलवान निघाला, ही गोष्ट इंग्रजांना न सांगितलेली बरी. सातशे जपानी घोड्यांचे सहाशे नव्वद इंग्रजी घोडे होतात, हिशेब तेवढाच.

पण घोड्याचे माप मुळात आले कोठून, हे पाहू लागलो तेव्हा मला जी गोष्ट सापडली तिने माझी झोप काही वेळ तरी उडविली. जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे माप ठरविले ते आपले वाफेचे यंत्र किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला समजावे म्हणून. त्याने हिशेबाला घेतला तो गिरणीचा घोडा: बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात, तासाला एकशे चव्वेचाळीस फेरे घालीत, एकशे ऐंशी पौंडांचा ओढा सतत लावणारा. आपल्याकडील घाण्याच्या बैलाचा हा थेट चुलतभाऊ. त्यावरून मिनिटाला तेहेतीस हजार फूट-पौंड हा आकडा निघाला. सामान्य घोड्याला तो जरा जडच जाई असे पुढे पुष्कळांनी म्हटले आहे, ते सोडा. महत्त्वाची गोष्ट ही, की वॅटने घोड्याची उडी मोजली नाही, त्याचे राबणे मोजले. घोड्याने क्षणभर जीव खाऊन जोर केला तर तो किती शक्ती देईल, याचा हिशेब दोन शास्त्रज्ञांनी 1993 साली 'नेचर' या नियतकालिकात मांडला आहे. तो आकडा जवळजवळ पंधरा अश्वशक्ती भरतो. म्हणजे एक घोडा पंधरा घोड्यांइतका असतो, पण क्षणभरच. दिवसभराच्या हिशेबात तो एकच घोडा. अश्वशक्ती हे माप जन्मतः टिकाऊपणाचे होते. मोटारींच्या जाहिरातींनी त्याचे रूपांतर क्षणभराच्या उडीत केले.

आता गंमत अशी, की ल माँ येथील शर्यतवाल्यांना हे वॅटचे जुने शहाणपण अवगत होते. निदान नियमांनी त्यांना ते शिकविले होते. ज्या काळातील गाड्या भाच्याच्या वहीत सर्वांत वर आहेत, त्या 'ग्रुप सी' वर्गाच्या काळात इंजिनाच्या आकारावर म्हणण्यासारखे बंधन नव्हते. बंधन होते ते इंधनावर. 1991 सालच्या शर्यतीत या जुन्या नियमांच्या गाडीला चोवीस तासांत 2550 लिटरांहून अधिक इंधन मिळणार नव्हते. तेव्हा इंजिन हजार घोडे देऊ शकते की नाही हा प्रश्न गौण होता. ते घोडे पोसायला वैरण पुरेल काय, हा खरा प्रश्न. टर्बो गाड्यांत हवेचा दाब कमीजास्त करून शक्ती पाहिजे तशी चढविता-उतरविता येई, त्यामुळे एकाच गाडीला दोन अश्वशक्ती असत: एक पात्रता-फेरीची, आणि दुसरी शर्यतीची. वहीत लिहायची ती कोणती?

1990 सालच्या निसानची कथा या बाबतीत फार बोलकी आहे. मार्क ब्लंडेल हा तरुण इंग्रज चालक पात्रता-फेरीसाठी बाहेर पडला, आणि टर्बोचा दाब सोडणारी झडप बंद अवस्थेतच अडकून बसली. इंजिन हजाराहून कितीतरी अधिक घोडे ओतू लागले. गाडी परत आण, म्हणून रेडिओवरून हाका चालू असता हा पठ्ठ्या थांबला नाही, आणि त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीहून सहा सेकंदांनी सरस फेरी मारली. शर्यतीच्या दिवशी ती गाडी पहिल्या जागेवरून निघाली, पण शेवटपर्यंत पोहोचली नाही. जिंकली ती जॅग्वार.

दुसऱ्या वर्षी माझ्दा. चार घूर्णकांचे, पिस्टन नसलेले, अवघ्या 2.6 लिटरांचे ते इंजिन. त्याचा आवाज खेळातूनही असा कर्कश येतो, की आमच्या स्वयंपाकघरातून त्याविरुद्ध लेखी नव्हे पण तोंडी निषेध अनेकदा नोंदविला गेला आहे. गाडीचे वजन 830 किलो, प्रतिस्पर्ध्यांचे हजार. भाच्याच्या क्रमाने पाहिले तर ही गाडी यादीत बरीच खाली बसते. शर्यत संपायला तीन-एक तास उरले असता आघाडीवर होती मर्सिडीझ, आणि तीही तब्बल तीन फेऱ्यांनी! पाण्याच्या पंपाशी संबंधित एका किरकोळ भागाने दगा दिला, इंजिन तापले, आणि मर्सिडीझ बाजूला झाली. जॅग्वारच्या गाड्यांना आपली तहान आवरीत पळावे लागत होते. माझ्दा मात्र 362 फेरे घालून पहिली आली. जपानी कंपनीचा तो तेथला पहिला विजय. अखेरचा टप्पा हाकणारा जॉनी हर्बर्ट गाडीतून उतरला तो इतका गळालेला, की विजयमंचावर त्याला जाता आले नाही.

याहूनही विलक्षण म्हणजे 1995 साली जिंकलेली मॅकलारेन. श्रीमंत माणसाला रस्त्यावर चालवायला जी एफ वन मोटार विकत मिळे, तिची शक्ती सहाशे सव्वीस-सत्तावीस घोड्यांची; आणि तिच्याच शर्यती आवृत्तीची, नियमाप्रमाणे हवेच्या वाटेवर बूच बसविल्यामुळे, सुमारे सहाशेची. बाजारातली गाडी बलवान आणि जिंकणारी गाडी दुबळी! हे ऐकून भाच्याने वही मिटली आणि दोन दिवस तो माझ्याशी घोड्यांविषयी बोलला नाही.

खेळात हे सारे असते काय? काही असते, काही नसते. टायर झिजतात, इंधन संपते, म्हणून जास्त घोड्यांची गाडी अधिक वेळा थांबवावी लागते. शिवाय त्यात एक सोय अशी आहे, की स्वतः गाडी न हाकता चालकाला सावकाश जा, जोराने जा अशा आज्ञा देत बसता येते. हा भाग मला फार चटकन जमला. मास्तरकीचा अनुभव कोठेच वाया जात नाही. नुसते तेल बदलले तरी गाडीचे काही घोडे वाढलेले दिसतात, ही बाब आमच्या घरच्या जुन्या मोटारीला कोणी तरी समजावून सांगावी. पण भर शर्यतीत गीअरपेटी मोडणे, पंप बंद पडणे, इंजिन तापून धूर निघणे, हे त्या खेळात नाही. तेथे यंत्र मरत नाही. थकतो तो फक्त खेळणाऱ्याचा अंगठा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी आळीपाळीने ही चोवीस तासांची शर्यत पुरी करण्याचा घाट घातला. निसान घ्यायची की माझ्दा, यावर बराच खल होऊन अखेर वडीलधाऱ्याचा मान म्हणून माझ्दा निघाली. रात्री तीनच्या सुमारास, पडद्यावरचा तो लांबच लांब सरळ रस्ता अंधारातून येत होता आणि अंधारात जात होता, तेव्हा भाचा आपण होऊन बोलू लागला.

येथे थोडा मागला भाग सांगितला पाहिजे. गेल्या वर्षी अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत त्याला अपेक्षेइतके पर्सेंटाइल मिळाले नाही, आणि एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षेला बसण्यासाठी त्याच्या वडिलांनी त्याला सांगलीहून पुण्यास आमच्याकडे ठेविले आहे. दाजी दर रविवारी फोन करतात. पहिला प्रश्न, सराव परीक्षेत किती आले. दुसरा प्रश्न, ते खेळाचे यंत्र अजून घरात आहे काय. माणूस प्रेमळ आहे. पण त्यांच्याही जवळ एक अदृश्य वही आहे, आणि तीत मुले उतरत्या क्रमाने मांडलेली आहेत. मी एकोणतीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवितो आहे. असल्या याद्या फळ्यावर लागताना मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की त्यांच्यावरचा माझा विश्वास संपला असला तरी भीती गेलेली नाही.

भाचा म्हणाला, "मामा, परीक्षेच्या आधी तीन महिने मी रोज चौदा तास बसत होतो. सराव परीक्षेत सगळं यायचं. त्या दिवशी दुसऱ्या तासाला पान समोर होतं आणि वाचलेलं कळेना. हात थांबलाच. मी बाबांना सांगितलं, पेपर अवघड होता."

नजर पडद्यावरच होती. त्याचीही आणि माझीही. अशा गोष्टी समोरासमोर बसून सांगता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी म्हटले, "टायर बदलायला हवेत आता." तो म्हणाला, "हो, या फेरीला आत घेतो." नंतर बराच वेळ तो रोज किती तास झोपे, दुपारी जेवत असे की नाही, असे मी एकेक विचारीत गेलो आणि तो सांगत गेला. सकाळी सहाला मी चहा केला तेव्हा माझ्दा आघाडीवर होती, आणि आमचा चालक सोफ्यावर कंट्रोलर हातात धरूनच झोपला होता.

पुढच्या रविवारी दाजींचा फोन आला तेव्हा मी त्यांना ब्लंडेलच्या फेरीची कथा ऐकविली. ती शांतपणे ऐकून ते म्हणाले, "पण पात्रतेत पहिला तर आला ना तो?" या उत्तरात काहीच तथ्य नाही, असे मला म्हणवत नाही. पहिल्या जागेवरून निघणे हा काही तोटा नव्हे, आणि प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाला चोवीस तास थांबून पाहायला सवडही नसते. तेव्हा मी रूपके सोडून दिली, आणि मुलगा परीक्षेच्या दिवशी का थांबला ते, मुलाच्या परवानगीने, त्यांना सरळ सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, "आता झोपतो का नीट?" यंत्राविषयीचा दुसरा प्रश्न त्या रविवारी आला नाही.

वहीत अलीकडे नवे रकाने पडले आहेत: वजन, इंधन, आणि गाडी शेवटपर्यंत पोहोचली की नाही. 1988 सालच्या पानावर मात्र गाडे अडले आहे. त्या वर्षी डब्ल्यू. एम. नावाच्या एका लहानशा फ्रेंच संघाच्या गाडीने सरळ रस्त्यावर ताशी 405 किलोमीटरांचा वेग गाठला. तिला शर्यत पुरी करता आली नाही. जिंकली ती सुमारे साडेसातशे घोड्यांची जॅग्वार. अखेरच्या टप्प्यात तिची गीअरपेटी मोडकळीला आली होती. गीअर बदलू गेलो तर पेटी तुटेल, हे यान लामर्स या चालकाने हातानेच ओळखले, आणि गाडी चौथ्या गीअरमध्ये ठेवून, काटा पुन्हा न हलविता, त्याने ती शेवटपर्यंत नेली. मागून येणारी पोर्श त्याच फेरीत होती. 394 फेरे झाले, आणि जॅग्वार 1957 नंतर प्रथमच तेथे विजयी झाली.

भाच्याचे म्हणणे, त्या शेवटच्या फेऱ्यांत गाडीचे साडेसातशे घोडे उरलेच नव्हते, तेव्हा त्यांपुढे तो आकडा लिहिणे खोटे होईल. निराळा रकाना पाहिजे. मला ते मान्य आहे. त्या रकान्याला नाव काय द्यावे, याविषयी मात्र आमच्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही. तो 'चौथा गीअर' म्हणतो. मला ते फारच तांत्रिक वाटते.