कुंभार्ली घाटाच्या खाली

परगावी शिकणाऱ्या मुलास घरची वाट पाठ असते. परंतु त्या वाटेने जाणारा मनुष्य दर खेपेस थोडा निराळा असतो, हे त्याच्या ध्यानी फार उशिरा येते. आमचे घर गुहागरास. १९६४ च्या जूनमध्ये मी पुण्यास महाविद्यालयात दाखल झालो, आणि पुढील चार वर्षे सुट्टी लागली की स्वारगेटहून एस. टी. ने घर गाठणे हा माझा परिपाठ झाला.

सातारा, उंब्रज, पाटण करीत गाडी कोयनेच्या खोऱ्यात शिरे. हेळवाक मागे पडून कुंभार्ली घाट लागला की माथ्यावरचा गारवा सरे आणि खालचा दमट वारा अंगावर येई. पहिल्या दिवाळीस त्या वाऱ्याने माझे डोळे भरून आले. घरी पोचताच पाय धुऊन मी थेट स्वयंपाकघरात शिरलो आणि चुलीपाशी, चुलत भावंडांच्या पंक्तीत, आजीच्या हातचा मऊ भात जेवलो. सुट्टी संपेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर फारसा पडलोच नाही.

पुढे मुक्काम आखूड होत गेले. आगरातील नारळ-सुपारीच्या, भाऊबंदांच्या वाटणीच्या गोष्टी मला कंटाळवाण्या वाटू लागल्या. मी ओटीवर पुस्तक घेऊन बसे. माजघरातील माझे अंथरूण माळ्यावर गेले, ‘अभ्यासास निवांत’ म्हणून. ती मी सोय समजलो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरास मोठा भूकंप झाला. शंभरावर माणसे दगावली. पुण्यातही आम्ही दचकून जागे झालो. खरे सांगावयाचे तर, मला प्रथम आठवण झाली ती टेबलावरील माझ्या वह्यांची. घर आठवले ते दुपारी, कोयनेची बातमी कानी आल्यावर. आणि पत्र उद्या लिहू, असे म्हणून मी वर्गात गेलो. सायंकाळी वसतिगृहावर वडिलांची तार आली : ‘खुशाली कळवावी.’ त्या दिवशी आजीने अन्नास स्पर्श केला नव्हता, हे मला मागाहून कळले.

१९६८ च्या मे महिन्यात, पदवीपरीक्षा आटोपून, मी पुन्हा त्या वाटेने निघालो. कोयनानगरात पडक्या भिंती दिसल्या. गाडीतील कोणी बोलेना. घरी पोचलो तो पाने वाढली होती. माझा पाट माजघरात, आलेल्या पाहुण्यांशेजारी मांडला होता. पानाभोवती रांगोळी होती. इतका मान त्या घराने मला पूर्वी कधी दिला नव्हता, आणि इतके परकेही कधी वाटले नव्हते.

मी पाट उचलला आणि चुलीपाशी नेऊन ठेवला. आजी म्हणाली, “अरे, इथे धूर लागेल तुला.”

“लागू दे,” मी म्हणालो. तिने मुकाट्याने भात वाढला.

ज्यांची मुले परगावी शिकत आहेत, त्या वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, की मुलाचा पाट पाहुण्यांत मांडण्याची घाई करू नये. आणि मुलांनी, तो तसा मांडलाच, तर उचलण्यास उशीर लावू नये. पुढच्या वर्षी चुलीपाशी मला वाढावयास आजी नव्हती.