दादा, सोनू भित्रा नाही

प्रिय दादा,


परवा तू म्हणालास, "सोनू अगदीच भित्रा झालाय. रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो, डॉक्टर म्हणतात काही नाही. नुसती नाटकं." फोनवर उत्तर दिलं असतं तर आपलं वाजलं असतं, म्हणून लिहिते आहे.

दिवाळीची अख्खी सुट्टी तो आमच्याकडे होता, तेव्हा एकदाही त्याचं पोट दुखलं नाही. वहिनी म्हणाली, सोमवारी आणि पी.टी.च्या दिवशी जास्त दुखतं. आणि पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येते. तुम्ही त्याला वेंधळा म्हणून मोकळे झालात. सातवी-आठवीला शिकवणाऱ्या मला मात्र त्या बाटलीचीच काळजी वाटली. शाळेत पाणी न पिणारं मूल बऱ्याचदा बाथरूमला जायचं टाळत असतं. त्याला विचारलं. आधी काही नाही म्हणाला, मग हळूहळू बोलला. मोठ्या सुट्टीत चार मुलं दाराशी उभी असतात, "ढोल्या आला" म्हणून ओरडतात आणि तो आत गेला की बाहेरून कडी लावतात. वर्गाच्या ग्रुपवर त्याच्या फोटोचा स्टिकर फिरतो. हे तुला कळवू का, असं त्याला विचारूनच लिहिते आहे.

तू म्हणशील, आम्हालाही चिडवायचे. चिडवायचेच. पण चिडवाचिडवीत आज तू, उद्या मी असं चालतं आणि शेवटी दोघं एकाच डब्यात जेवतात. डॅन ओल्वेस या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. त्याने छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. चौघांविरुद्ध एकटा सोनू, रोज. तिन्ही खुणा जुळतात.

त्याचं पोट खरंच दुखतं. धोका दिसला की शरीर सज्ज होतं, छाती धडधडते, आतडी आवळतात. धोका रोजचा झाला की तो दिसायचीही गरज उरत नाही, गणवेश घातला तरी पुरतं. वर्गात बसल्यावर कान मागच्या बाकाकडे असतात, मग फळ्यावरचं गणित डोक्यात शिरणार कसं? त्याचे गणिताचे मार्क घसरले ते या वर्षीच, हे तूच सांगितलंस.

मोठा झाला की विसरेल, असंही नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा मागोवा संशोधक वर्षानुवर्षं घेत आले आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पंचेचाळिशीतही नैराश्य आणि चिंतेचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळले. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. पण चालायचंच म्हणून सोडून द्यावं, इतकी ही गोष्ट किरकोळ नाही.

"दोन ठेवून दे" असं तू त्याला सांगितलंस. कृपा करून पुन्हा सांगू नकोस. चौघांपुढे ते त्याला जमणार नाही आणि जमलं नाही की घरीही तोच दोषी. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात, स्वतः छळ सोसणारी आणि इतरांनाही छळणारी मुलं पुढे सर्वांत जास्त त्रासात सापडली. त्याला घरी ठेवणं हाही उपाय नाही. शाळा बुडवली की त्या दिवशी हायसं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी भीती आणखी वाढलेली असते.

छळ थांबवायची ताकद बघ्यांकडे असते. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानांवरचं चित्रीकरण तपासलं. सोबतची मुलं मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला होता. सोनूला सुट्टीत सोबत करतील अशी दोन मुलं वर्गशिक्षिका नक्की शोधू शकतील. त्या दारापाशी सुट्टीत एक शिक्षक उभा करणंही शाळेला अवघड नाही.

तेव्हा एवढं कर. आधी त्याचं सगळं ऐकून घे, मध्ये "मग तू काय केलंस?" विचारू नकोस. तारखा लिहून ठेव, स्टिकरचे स्क्रीनशॉट काढ. पालकांच्या ग्रुपवर भांडू नकोस, त्याचा राग सोनूवरच निघेल. वर्गशिक्षिकांना भेट, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. महिन्याभरात झोप, भूक सुधारली नाही तर समुपदेशकाकडे ने. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन केलास तर फुकट सल्ला मिळेल. मुलांसाठी १०९८ आहे.

तू ओरडशील म्हणून त्याने तुला सांगितलं नव्हतं. आज रात्री जेवणं झाली की त्याच्याजवळ जाऊन बस आणि "तुझी चूक नाही" एवढं स्वतःच्या तोंडाने सांग. शाळेत सोमवारीच जा.

तुझी,
बहीण