वेरूळचे भोसले

छत्रपती संभाजीनगरहून तीसेक किलोमीटरवर वेरूळ. गाड्या कैलास लेण्यापाशी थांबतात, माणसं घृष्णेश्वराचं दर्शन घेतात आणि परत फिरतात. गावातल्या मालोजीराजांच्या गढीकडे फारसं कुणी वळत नाही. भोसले हे आडनाव नावारूपाला आलं ते इथून.

त्याच्या अर्थाबद्दल पंडितांचं एकमत नाही. बखरकारांनी ते मेवाडच्या सिसोदियांशी जोडलं. संस्कृत कवींनी त्याचं ‘भृशबल’ केलं, म्हणजे अतिशय बलवान. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाचा माग काढत धागा थेट कर्नाटकातल्या होयसळांपर्यंत नेला. ढेऱ्यांची वाट जास्त मोलाची, कारण ती दरबारी स्तुतीतून नव्हे, घराण्याच्या कुलदैवतापासून निघते. याच शिंगणापुरात मालोजींनी यात्रेकरूंसाठी तळं बांधलं.

मालोजी वेरूळचे पाटील, निजामशाहीचे सरदार. घृष्णेश्वराच्या देवळाचा त्यांनी जीर्णोद्धार केला. आजचं देऊळ नंतर होळकरांनी उभारलेलं. मुलांची नावं मात्र मालोजींनी नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली: शहाजी आणि शरीफजी. शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत पडले. शहाजींचे पुत्र शिवाजी महाराज, त्यांचे पुत्र संभाजी महाराज. म्हणजे छत्रपती संभाजीनगर शहर आज ज्यांचं नाव लावतं, ते वेरूळच्या पाटलांचे पणतू.

शहाजींचे आणखी एक पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला गादी स्थापली. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर ओळींमागून ओळी मराठी अक्षरं कोरलेली दिसतात. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला हा भोसले घराण्याचा इतिहास. चोळांनी बांधलेलं देऊळ, भोवती तमिळ मुलूख आणि दगडावर मराठी! याच सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, नावारूपाला आणलं. तलवारीइतकंच हे कामही भोसल्यांच्या नावावर मांडायला हवं.

पुढे हे आडनाव कुठे कुठे गेलं! बाबासाहेब भोसले 1982 साली मुख्यमंत्री झाले. मंगेशकरांच्या घरातल्या आशाताईंनी लग्नानंतर लावलेलं भोसले जगभर ऐकू गेलं. वक्ते शिवाजीराव भोसले तर छत्रपती संभाजीनगरातल्याच मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते.

तेव्हा पुढच्या वेळी वेरूळला जाल, तेव्हा लेणी पाहून लगेच गाडीत बसू नका. अर्धा तास गढीसाठी ठेवा, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांनाही न्या.