पांढरे क्रौंच

शनिवारी सकाळचा चहा झाला की मी बऱ्याचदा एकच रेकॉर्डिंग लावतो. २००३ मध्ये मॉस्कोत, क्रेमलिनच्या भल्यामोठ्या सभागृहात दिमित्री ह्वोरोस्तोव्स्की दुसऱ्या महायुद्धाची गाणी गायला होता, त्याचं. कंडक्टर कॉन्स्टंटाइन ऑर्बेलियन. रशियनचं म्हणाल तर मला ओ की ठो कळत नाही!

त्यात 'झुराव्ली' आहे, म्हणजे क्रौंच पक्षी. मेलेले सैनिक मातीत गेले नाहीत, पांढरे क्रौंच होऊन उडताहेत. थव्यात एक जागा रिकामी आहे, ती बहुधा माझीच, असा साधारण अर्थ. मूळ कविता दागेस्तानच्या रसूल गमझातोव यांची, अवार भाषेतली. हिरोशिमाच्या भेटीत सादाको सासाकी या मुलीच्या कागदी क्रौंचांवरून सुचलेली. चाल यान फ्रेंकेल यांची. पहिल्यांदा गायलं मार्क बेर्नेस यांनी. ते मुळात नट, गळा साधाच. १९६९ मध्ये कॅन्सरने गेले, त्याच्या थोडंच आधी हे रेकॉर्ड केलं.

ह्वोरोस्तोव्स्की पडला ऑपेराचा माणूस. एवढ्या आवाजाखाली हे गाणं चिरडेल असं वाटतं, पण गडी आवाज आवरून धरतो. स्टुडिओतल्या सफाईपेक्षा मला हे जास्त आवडतं. २०१७ मध्ये, ५५व्या वर्षी, ब्रेन ट्यूमरने तोही गेला. ती रिकाम्या जागेची ओळ आता फार जड जाते.

आणि हो, बेर्नेस यांचा जन्म युक्रेनमधल्या निझिनचा. २०२२ मध्ये रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या तेव्हापासून गाणं लावलं की हेच डोक्यात येतं. आज समोरासमोर उभ्या असलेल्या पोरांचे पणजोबा त्या थव्यात एकत्रच उडताहेत. परवा मी ते अर्ध्यावरच बंद केलं.